न उगवलेला गहू

भागरतामावशी,

मी पोहोचले तेव्हा तुला नेऊन दोन तास झाले होते. लांजीपर्यंत बस वेळेवर होती, पण पुढे तुझ्या गावाकडे जाणारं काहीच मिळेना, म्हणून शेवटचा तुकडा चालत आले. अंगणात बाया बसल्या होत्या. तुझी सून कमला उठली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मॅडम, माय सकाळी पुंजणं रचून राह्यली होती वो."

कापलेल्या धानाचे भारे एकावर एक लावून पुंजणं उभं करायचं काम तू या वयातही दुसऱ्याच्या हाती देत नव्हतीस. त्याचा माथा नीट बसला नाही तर पाणी आत उतरतं, असं तुझं म्हणणं. शेवटचा भारा लावलास, पाणी मागितलंस आणि कमला गडवा घेऊन येईस्तोवर बांधावर आडवी झालीस. इतकंच झालं. डॉक्टरला दाखवायलासुद्धा तू कोणाला वेळ दिला नाहीस.

अंगणातल्या एका परक्या बाईनं मला विचारलं, "तुमी कोन भागरताबाईच्या?" मी म्हटलं, "मावशी होती माझी." नात्यानं तू माझी कोणीच नव्हतीस. मी कृषी विभागातली बाई आणि तू शेतकरी, एवढीच आपली सरकारी ओळख. पण त्या क्षणी मला दुसरं काही म्हणता आलं नसतं. तेही खोटंच वाटलं, कारण भाचीनं मावशीशी असं वागू नये.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा आले तेव्हा कशी होते? चोवीस वर्षांची, कडक इस्त्रीची साडी, हातात फाइल. बालाघाटात वाढलेली, वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. पुस्तकातली शेती मला पाठ होती. खरं वावर मात्र मी पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून.

तू मला दारात उभं ठेवून वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "जेवली का वो पोरी?" मी म्हटलं, "मी सर्व्हेला आले आहे." तू म्हणालीस, "हौ, सर्वे कर ना. पन उपाशी कायले करतं?"

तुझं वावर तलावाच्या वरच्या अंगाला. तलावाचं पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना मिळायचं, तुझ्या उताराला नाही. तुझे मालक उकव्याच्या खाणीत कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. शेती तूच बघायचीस. आपल्या भागात पाऊस कमी नाही, पण तो उतारावर थांबत नाही. दसरा झाला की त्या वावराला मातीत मुरलेली ओल तेवढी उरायची आणि तिच्यावर तुला धानानंतरचा गहू काढायचा असायचा. विहीर नाही, मोटर नाही. त्या गव्हाला तू पेरल्यापासून कापेपर्यंत वरून एक थेंबही देऊ शकत नव्हतीस.

तुझी रीत मी पहिल्याच महिन्यात ऐकली होती. धान कापलं की दुसऱ्या दिवशी नांगर. एकदाच, उताराला आडवा. नांगराच्या मागोमाग बी, खाली ओल लागते तिथे. आणि पहाटे, उन्हं चढायच्या आत, वरून लाकडी फळी फिरवून माती दाबून टाकायची, म्हणजे उघडी भेग राहत नाही. धसकटं तशीच. वर जमेल तितकी तणीस, धानाचा पेंढा, पसरायची. हे सगळं तू मला उभ्या उभ्या सांगितलंस आणि मी माझ्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: "पारंपरिक पद्धत, मशागत अपुरी."

ती ओळ माझ्याकडे अजून आहे, मावशी. फाडून टाकायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी माझं पहिलं प्रात्यक्षिक तुझ्या वावरात ठरलं. सुधारित बियाणं, तीन वेळा नांगरट, माती पिठासारखी भुसभुशीत. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तीनदा उलथलं त ओल उडून जाईन." मी छापील कागद दाखवला. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, तरी दाखवला. तो कागद पाण्याची सोय असलेल्या शेतासाठी होता. हे मला वाचता येत असूनही दिसलं नाही.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. बियाणं माझ्या खोलीत आलेलं होतं. धान कापून झालं होतं. तू निरोपावर निरोप पाठवत होतीस. पण मला वाटलं, पहिली मूठ मोठ्या साहेबांच्या हातून पडावी, फोटो निघावा. साहेब म्हणाले, या आठवड्यात येतो. मी तुला थांबवलं. तू म्हणालीस, "मॅडम, माती वाट नाही पाहत." रागावलीस की मला मॅडम म्हणायचीस. मी म्हटलं, "मावशी, माझं पहिलंच काम आहे." तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मग बैल सोडून दिलेस.

आठ दिवस गेले. साहेब आले नाहीत. त्या आठ दिवसांत कसं कडक ऊन पडलं होतं ते आठवतं तुला. मग आपण तीनदा नांगरलं, प्रत्येक वेळी खालची ओली माती वर आली, दुपारपर्यंत पांढरी पडली. बी पेरलं ते धुळीत.

पेरल्यापासून दहाव्या दिवशी तू मला वावरात नेलंस, बसलीस आणि बोटानं माती उकरलीस. दाणा जसा टाकला तसाच होता. फुगलेलाही नव्हता. तू तो उचललास, तोंडात टाकलास, चावलास आणि म्हणालीस, "कोरडा हाय." तू रडली नाहीस. मी रडले. तूच मला पदरानं तोंड पुसायला लावलंस आणि म्हणालीस, "चाल, चहा पिऊ."

साहेब आले ते त्यानंतर, दोन गाड्या घेऊन. बांधावर उभे राहून त्यांनी विचारलं, "खेत खाली क्यों है?" मी फाइल चाळू लागले. नोकरी पक्की व्हायची होती. वडिलांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते, धाकटा भाऊ शिकत होता. हे सगळं तुला माहीत होतं, कारण तुझ्या चुलीपुढे बसून मीच ते सांगितलं होतं. तू पुढे आलीस, डोक्यावरचा पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मैडम ने तो बराबर बताया था साब. मेरे से ही देर हो गई. मेरा ही गलती है."

तुझे भासरे, तुझ्या मालकांचे थोरले भाऊ दयारामजी, तिथेच उभे होते. सगळा गाव उभा होता. साहेबांनी तुला पाच मिनिटं समजावलं, शेतकऱ्यांनी सांगितलेलं ऐकलं नाही तर विभाग काय करणार, असं. तू मान हलवत राहिलीस. मीही मान हलवली.

गाड्या गेल्यावर मी विचारलं, "मावशी, का खोटं बोललीस?"

"तुह्यी बदली झाली असती, नाई त घरी पाठोलं असतं," तू म्हणालीस. "माह्या वावराची कोनी बदली करते का?" आणि हसलीस. मीही हसले. मला तेव्हा वाटलं, विषय संपला.

विषय तुझ्यापुरता संपला नाही. त्या उन्हाळ्यात तुमच्या घरात पोळीला गहू नव्हता. आणि पुढच्या साली दयारामजींनी पेरणीचा शब्द तुझ्या हातातून काढून घेतला. कधी पेरायचं, काय पेरायचं, ते ठरवणार. तू बारा महिने राबायचीस आणि पेरणीच्या दिवशी बांधावर गप्प उभी राहायचीस. ते एक-दोन वर्षांचं नव्हतं. तुझे मालक खाणीतून कायमचे घरी येऊन, हिस्से वेगळे होईपर्यंत तसंच चाललं.

त्या वर्षांत तू मला कधी टाकून बोलली नाहीस. हे मला आज जास्त लागतं. एकदा तरी चिडायला हवं होतंस. उलट मी तुझ्याकडूनच शिकले. हिस्सा हातात आल्यावर तू त्या उताराचं काय केलंस ते मी डोळ्यांनी पाहिलं. दगडगोट्यांच्या बुटक्या आडव्या रांगा, त्यांच्या कडेला गवत, पावसाचं पाणी पायरी-पायरीनं उतरेल अशी. दरसाल थोडी थोडी. कमला लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यात तिनं दगडच वाहिले, असं ती अजून सांगते. आणि ज्या वर्षी पाऊस लवकर आटोपला, त्या वर्षी आजूबाजूच्या कोरडवाहू वावरांत गहू वीतभर राहून पिवळा पडला, तुझा मात्र ओंबीपर्यंत गेला. भरघोस नव्हता. पण घरात आला.

आपली भांडणंही तिथलीच. तणशीचं भांडण. मी म्हणायची, सगळं वावर झाक. तू म्हणायचीस, "मंग बैलं का तुह्ये कागद खातीन?" शेवटी अर्धी तणीस बैलांना, अर्धी वावराला, आणि उरलेल्या जागेवर पळसाची पानं, असा तह झाला.

आणि दवाचं भांडण. पहाटे फळी फिरवली की रात्रीचं दव मातीत दाबलं जातं आणि गव्हाला तेच पाणी मिळतं, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, दव कितीसं असणार, फळीनं मातीच्या भेगा बुजतात, म्हणून खालची ओल उडत नाही. तू म्हणायचीस, "तू पहाटे कधी अनवानी चालली का वावरात?" मी म्हणायची, "नाही." "मंग?" बस, तिथे वाद संपायचा, आणि पुढच्या भेटीत पुन्हा सुरू व्हायचा. माझी बिरशाला बदली झाली, तिकडे बरीच वर्षं गेली, तरी फोनवर तू पहिलं विचारायचीस, "काय वो, दवाचं पटलं का?" पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. पण हे भांडायला आता माणूस नाही.

बिरशाला असताना मी ओल टिकवण्यावर एक पत्रक लिहिलं. हिंदीत, चार पानं. आडवी नांगरट, लगेच पेरणी, पहाटेची फळी, अर्धी तणीस. सगळं तुझं. ते गावोगाव वाटलं गेलं, माझं कौतुक झालं. तुला दाखवायला आणलं तेव्हा कमलेनं ते तुला वाचून दाखवलं. तू मन लावून ऐकलंस आणि शेवटी विचारलंस, "याच्यात माह्यं नाव कुठं हाय?"

मी म्हटलं, "मावशी, सरकारी कागदात असं शेतकऱ्याचं नाव घालत नाहीत."

"हौ का," तू म्हणालीस, आणि पत्रकाची नीट घडी करून देवळीत ठेवलंस. पुन्हा तो प्रश्न विचारला नाहीस. नाव घालता आलं असतं, मावशी. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

पण सगळ्यात वाईट दिवस तो नाही. सगळ्यात वाईट दिवस ग्रामसभेचा. मी पुन्हा बालाघाटला आले होते, खुर्चीवर बसायच्या हुद्द्यावर. ओलीवर बोलत होते. दयारामजी उठले आणि तुझ्याकडे हात करून म्हणाले, "इले विचारा ना मॅडम. इनं एका साली पुरा गहू मातीत घातला होता!" लोक हसले. तू कडेला चहाचे कप भरत होतीस. तू मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलंस, आणि पुन्हा किटलीकडे. तेव्हा माझ्या नोकरीला कशाचीही भीती नव्हती. नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, हसणाऱ्यांत मी होते. मोठ्यानं नाही, पण होते.

त्या संध्याकाळी तू मला रस्त्यापर्यंत सोडायला आलीस. मी म्हटलं, "मावशी, त्या सालचं..." तू म्हणालीस, "बस आली, पाह्य." बस खरंच आली होती. मी चढले.

आता तुझ्या मागे घरात काय झालं ते सांगते.

मी चौथ्या दिवशी पुन्हा आले. तुझं धान निघालेलं, पुंजण्यावर तू लावलेला शेवटचा भारा तसाच, आणि वावर उघडं पडलेलं. ऊन कडक. तुझे मालक मागेच गेलेले, म्हणून घरात थोरला शब्द दयारामजींचा. तुझा मुलगा महेंद्र गोंदियाहून आलेला, केस उतरवून ओसरीत बसलेला. कमला म्हणत होती, उद्या पेरायचं. दयारामजी म्हणत होते, दहावा झाल्याशिवाय या घरचा नांगर वावरात जाणार नाही.

"बाबाजी, माय असती त कालच पेरलं असतं," कमला म्हणाली.

"माय गेली म्हनूनच त सुतक हाय," दयारामजी म्हणाले. "एवढी कोनती घाई? दहा दिवसानं काय होते?"

महेंद्र म्हणाला, "लोक काय म्हणतील, कमला? राहू दे."

मग कमला माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "मॅडम, तुमी सांगा. दहा दिवसानं काय होते?"

मला उत्तर माहीत होतं. गावात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी उभी राहिले. ओसरीत बसून ते बोलता आलं नसतं.

मी म्हटलं, "दयारामजी, त्या साली गहू का नाही उगवला ते तुम्हांला माहीत आहे?"

"भागरतानं देर केली," ते म्हणाले. "सायबापुढं तिनंच कबूल केलं होतं."

"देर मी केली. ती रोज निरोप पाठवत होती. बियाणं माझ्या खोलीत पडलेलं होतं. साहेबांच्या हातून पेरणी व्हावी म्हणून मी तिला आठ दिवस थांबवलं. तीनदा नांगरायला मीच लावलं. ती नको म्हणत होती. साहेबांपुढे ती खोटं बोलली, माझी नोकरी जाऊ नये म्हणून. आठ दिवसांत त्या वावराचं काय होतं ते मी पाहिलंय. दहा दिवस थांबू नका."

कमला भिंतीला टेकून खाली बसली. तिलाही तू सांगितलं नव्हतंस. मला वाटत होतं, निदान सुनेला तरी सांगितलं असशील, कधीतरी दगड वाहता वाहता. नव्हतं सांगितलंस.

दयारामजींनी मान खाली घातली. ऐंशीच्या घरातलं माणूस. मग मान वर करून म्हणाले, "हे तुमी आज सांगून राह्यल्या, मॅडम? थे जित्ती होती तवा सांगाले पाहिजे होतं."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ते उठले, काठी घेतली आणि महेंद्रला म्हणाले, "सकाळी जुंप. लोकायले मी पाहून घेतो."

त्या रात्री मी तुमच्याकडेच राहिले, आणि सकाळी बांधावर उभी होते. महेंद्रची नांगराची सवय सुटलेली, तास वाकडं जात होतं. कमला मागून बी सोडत होती आणि रडत होती, आणि मधूनच नवऱ्यावर ओरडत होती, "आडवा घ्या ना, आडवा! माय काय म्हणत होती?" दयारामजी चपला काढून कडेला उभे. तू कुठेतरी खालच्या बांधीत गेली आहेस आणि आत्ता वर येऊन आमची सगळ्यांची चूक काढशील, असं मला सारखं वाटत होतं. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

गहू अजून वर आलेला नाही. येईल की नाही, मला ठाऊक नाही. मधले दिवस गेलेच होते.

दुपारी निघाले तेव्हा दयारामजी मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. पूर्वी ते कधी येत नसत. हळूहळू चालत होते, मी त्यांच्या चालीनं चालले. झाडाखाली थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, थे तुमच्याजवळ कधी काही बोलली होती का? माह्याबद्दल?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मावशी, कारण एखादा रागाचा शब्द जरी सापडला असता तरी तो त्यांना द्यायची माझी तयारी होती. त्यांनाही तोच हवा होता असं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"एकबी शब्द नाही?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. बस यायला वेळ होता. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, ऊन आहे. ते गेले नाहीत. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, एकमेकांकडे न पाहता.